कुल्लूचा दसरा भाबडा नाही

कुल्लूच्या दसऱ्याबद्दल मराठीत जे लिहिलं-बोललं जातं, त्याचा सूर ठरून गेला आहे. शेकडो वर्षं जशीच्या तशी चालत आलेली परंपरा, निसर्गाला देव मानणारी साधीभोळी पहाडी माणसं, फुलांनी सजलेल्या पालख्या, ढोल-नगाऱ्यांचा गजर. आणि शेवटी हळहळ: आता यात सरकार घुसलं, राजकारण घुसलं, कोर्टकचेऱ्या आल्या आणि एका निर्मळ गोष्टीला गालबोट लागलं. दिवाळी अंकांतली प्रवासवर्णनं, सहलीची माहितीपत्रकं, कुल्लू-मनाली करून आलेल्यांच्या गप्पा, सगळीकडे हेच ऐकू येतं. या म्हणण्यामागे जिव्हाळा आहे, हे मला मान्य आहे. तरीही ते चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत आपण मोजत नाही. ती तिथल्या माणसांना मोजावी लागते.

आधी हे बघू की ही निर्मळ गोष्ट सुरू कशी झाली. सतराव्या शतकात कुल्लूवर राजा जगतसिंह राज्य करत होता. १६३७ ते १६७२ हा त्याचा काळ. पार्वती खोऱ्यातल्या टिपरी गावच्या दुर्गादत्त नावाच्या ब्राह्मणाकडे पायलीभर मोती आहेत, अशी चहाडी राजाच्या कानावर गेली. राजानं ते मागितले. नसलेले मोती द्यायचे कुठून? दुर्गादत्तानं घराला आग लावून कुटुंबासह स्वतःला जाळून घेतलं. त्यानंतर राजाला ताटातल्या भातात किडे आणि पेल्यातल्या पाण्यात रक्त दिसू लागलं, अशी कथा आहे. कृष्णदास पयहारी या वैष्णव साधूनं उपाय सांगितला आणि त्यानुसार दामोदरदास नावाच्या माणसानं अयोध्येहून रघुनाथाची अंगठ्याएवढी मूर्ती आणली. राजानं राज्य रघुनाथाला अर्पण केलं, स्वतः त्याचा छडीबरदार म्हणजे पहिला सेवक झाला, आणि खोऱ्याखोऱ्यांतल्या देवतांनी वर्षातून एकदा या नव्या मालकाच्या भेटीला यावं असा रिवाज घातला. तो रिवाज म्हणजेच हा दसरा.

कथेतले किडे आणि रक्त बाजूला ठेवा. उरतं ते असं: सत्तेच्या हव्यासानं एका कुटुंबाचा बळी गेला, राजाची पत घसरली, आणि ती सावरण्यासाठी बाहेरून एक देव आणून डोंगरातल्या शेकडो देवांच्या वर बसवला गेला. या देवतांपैकी प्रत्येकीचा आपापला मुलूख होता, भांडार होतं, हुकूम मानणारी माणसं होती. त्यांना कुल्लूतल्या ढालपूरच्या मैदानात रघुनाथापुढे मान लववायला लावणं म्हणजे त्यांच्या मुलखांना राजापुढे मान लववायला लावणं. ज्यांच्याकडे राजानं दिलेल्या जमिनी होत्या त्यांना हजेरी चुकवता येत नव्हती. मलाणा गावचा देव जमलू मात्र मैदानात उतरला नाही. बियास नदीच्या पलीकडच्या काठावरूनच तो सोहळा बघतो. त्या एका नकारात मलाण्याचा राजसत्तेशी असलेला सगळा इतिहास सामावलेला आहे. हा उत्सव पहिल्या दिवसापासून राजकारण आहे. त्यात राजकारण ‘घुसलं’ असं म्हणणाऱ्यानं, ते नव्हतं तो काळ कोणता, हे दाखवून द्यावं.

आता सरकारचं बघू. १८४० मध्ये शिखांनी कुल्लूचं राज्य संपवलं, १८४६ मध्ये तो मुलूख इंग्रजांकडे गेला. स्वातंत्र्यानंतर कुल्लू पंजाबात होतं आणि १९६६ मध्ये हिमाचलला जोडलं गेलं. या सगळ्यातून देवतांच्या जमिनी बऱ्याच अंशी टिकून होत्या. त्यांना खरा धक्का बसला तो १९७२ च्या कूळ आणि जमीन सुधारणा कायद्यानं. देवाची जमीन कसणारी कुळं मालक झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे मी पूर्ण न्याय्य मानतो. आपल्याकडच्या कूळकायद्याचं कौतुक करणाऱ्या माणसाला दुसरं काही म्हणता येणार नाही. पण ज्या उत्पन्नावर पालखीचा खर्च, वाजंत्र्यांचा शिधा, आठवडाभराचा मुक्काम चालायचा, तेच गेलं. म्हणून आज जिल्ह्याची दसरा समिती तीनशेहून अधिक देवतांना निमंत्रणं धाडते आणि येणाऱ्यांना नजराणा देते. बाह्य सराजमधल्या देवता जलोडी जोत ओलांडून, शंभर-दीडशे किलोमीटर पायी चालून येतात. त्यांच्यासोबतच्या माणसांनी खायचं काय, झोपायचं कुठे, या प्रश्नाला आज सरकार उत्तर देतं, काल राजा देत होता. हा व्यवहार आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. नजराण्याची रक्कम वाढवा म्हणून देवतांचे कारदार, म्हणजे कारभारी, दरवर्षी मागणी करतात तेव्हा ‘देवांनाही पैशाची हाव सुटली’ असं बोलणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्या गावच्या ग्रामदैवताची इनाम जमीन गेल्यावर जत्रेचा खर्च कोण उचलतो, हे ज्यानं पाहिलं आहे तो असं बोलणार नाही.

‘पण भांडणं तरी नकोत ना,’ असं म्हणतात. भांडणं आहेत, आणि मोठी आहेत. रथयात्रेत रघुनाथाच्या रथाच्या उजव्या हाताला चालण्याचा मान कोणाचा, यावरून बंजार खोऱ्यातले शृंग ऋषी आणि बालू नाग यांच्यात वर्षानुवर्षांचा तंटा आहे. तिथे त्याला धुरीचा वाद म्हणतात. मारामाऱ्या झाल्या, प्रकरण कोर्टात गेलं, आणि कित्येक वर्षं रथयात्रेच्या दिवशी प्रशासनानं दोन्ही देवतांना आपापल्या तळावर पोलिसांच्या पहाऱ्यात बसवून ठेवलं. बाहेरच्या बातमीदाराला यात गंमत वाटते. देवांना नजरकैद असा मथळा सजतो. पण रथाच्या उजवी-डावीचा प्रश्न म्हणजे दोन देवतांच्या मुलखांमधल्या श्रेष्ठ-कनिष्ठत्वाचा प्रश्न. गवताची कुरणं, पाण्याचे पाट, जुनी सोयरीक आणि जुनी वैरं या सगळ्यांचा हिशेब त्या एका जागेत साठलेला असतो. वर्षातून एकदा तो हिशेब सगळ्यांसमोर मांडला जातो. ढालपूरला येणारी माणसं नुसतं नाचायला येत नाहीत. आपला देव कुठे बसला, कोणाच्या आधी निघाला, त्याला भेटायला कोण आलं आणि कोण आलं नाही, यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. हिडिंबा मनालीहून आल्याशिवाय दसरा सुरू होत नाही, कारण ती राजघराण्याची दादी म्हणजे आजी मानली जाते. गर्दीतून रथाला वाट करून देण्याचं काम धूमल नागाचं. सहाव्या दिवशी, मोहल्ल्याला, सगळ्या देवता रघुनाथाच्या तळावर हजेरी लावतात. हा मानापमानांचा हिशेब काढून घेतला तर मागे नुसत्या पालख्या उरतील.

यावर समंजस माणसाचा एक आक्षेप असतो आणि तो मी टाळणार नाही. तो म्हणतो, जुनं राजकारण श्रद्धेत मुरलेलं होतं, त्याला आतून मर्यादा होती. आजचं बाहेरून येतं, मंचावरून येतं, कॅमेऱ्यासाठी येतं. यात तथ्य आहे. २०१५ च्या दसऱ्यात ९,८९२ स्त्रियांनी एकत्र नाटी नाचून गिनेस विक्रम केला. नाटी हा हातात हात गुंफून, लयीत हळूहळू चढत जाणारा नाच आहे. त्याला डोकी मोजणारा पंच लागत नाही. २०२२ मध्ये पंतप्रधान रथयात्रेला आले आणि त्या वर्षी देशभर दाखवलं गेलं ते प्रामुख्यानं पंतप्रधानांचं दर्शन घेणं. हे मलाही खटकतं. पण ही विटंबना कोणत्या समजुतीतून जन्मते? हा दसरा म्हणजे रंगीबेरंगी, निरागस, कोणालाही न दुखावणारा लोकोत्सव आहे, या समजुतीतून. ज्याला काही म्हणायचंच नाही अशा उत्सवापुढे कोणीही मंच उभारावा, कोणीही फलक लावावा. म्हणजे पर्यटनखातं आणि आपले हळहळणारे लेखक एकाच चित्राचे गिऱ्हाईक आहेत. एक ते विकतो, दुसरा ते मळलं म्हणून रडतो. तिथल्या माणसाला मत आहे, हे दोघेही धरून चालत नाहीत.

त्या माणसांना मत आहे, आणि ते मांडण्याची त्यांची स्वतःची जागा आहे. नग्गरच्या जुन्या राजवाड्यात जगती पट नावाची एक शिळा आहे. देवांनी मधमाश्यांचं रूप घेऊन ती डोंगरातून आणली अशी श्रद्धा आहे. खोऱ्यावर मोठं संकट आलं की तिथे जगती भरते. देवतांचे गूर, म्हणजे ज्यांच्या तोंडून देव बोलतो ती माणसं, एकत्र येतात आणि देवांचा कौल विचारला जातो. फेब्रुवारी २००६ मध्ये अशी जगती भरली. प्रश्न होता हिमालयन स्की व्हिलेजचा. हेन्री फोर्डचे पणतू आल्फ्रेड फोर्ड यांच्या पुढाकारानं मनालीजवळ बर्फावरच्या खेळांसाठी एक प्रचंड वसाहत उभी करण्याची योजना होती. हॉटेलं, बंगले, डोंगरमाथ्यापर्यंत पाळणे. देवतांनी गुरांच्या तोंडून नकार दिला. पुढे चौकश्या झाल्या, खटले झाले, आणि ती वसाहत कधीच उभी राहिली नाही. एकट्या जगतीनं ती थांबवली असं मी म्हणणार नाही. पण देवस्थानांचे डोंगर विकायचे नाहीत, हे पहिल्यांदा एकमुखानं आणि मोठ्यानं सांगितलं गेलं ते त्या शिळेपाशी. आता बिजली महादेव या देवस्थानाच्या रोपवेचा प्रश्न आला आहे. सुमारे २७२ कोटींचा प्रकल्प, केंद्राच्या पर्वतमाला योजनेतला. खराहल खोऱ्यातल्या गावांनी मोर्चे काढले, झाडं तोडायला सुरुवात झाल्यावर विरोध आणखी पेटला, बिजली महादेवनं गुरामार्फत आपली नापसंती कळवली, आणि २०२५ मध्ये नग्गरला पुन्हा जगती भरली. पायवाटेनं चढून येणाऱ्यांवर पोट भरणारे दुकानदार, देवाची वाट देवानंच ठरवावी म्हणणारे म्हातारे, दरडींना भ्यालेले तरुण, सगळे एका बाजूला आले. ज्या ‘राजकारणानं’ परंपरा नासली असं आपण म्हणतो, ते राजकारण या लोकांचं हत्यार आहे. भोळ्या माणसांचा भोळा सण अशी पाटी लावून आपण ते त्यांच्या हातून काढून घेतो.

इथे आपल्याकडचा विवेकवादी मित्र मला अडवणार, हे ठाऊक आहे. अंगात येणाऱ्या माणसाच्या बोलण्यावर धरणं आणि रस्ते ठरवायचे का? त्यालाही मी सरळ उत्तर देतो. गुराच्या तोंडून देव बोलतो यावर माझा विश्वास नाही. पण गूर बंद खोलीत बोलत नाही. तो हारियानांसमोर, म्हणजे देवाच्या मुलखातल्या सगळ्या घरांसमोर बोलतो. त्याचं म्हणणं पटलं नाही तर पुन्हा विचारलं जातं, पालखीच्या झुकण्यावरून पडताळलं जातं, दुसऱ्या देवाच्या गुराकडे नेलं जातं. निर्णय देवाच्या नावानं होतो, पण वाद माणसं घालतात, आणि उघड्यावर घालतात. रोपवेचा निर्णय जिथे झाला तिथे खराहलच्या बाईला जाऊन बसता आलं नव्हतं. या दोन पद्धतींत कोणती जास्त विवेकाची, हे मित्रानं मला सांगावं.

मात्र याच उघड्या मैदानावर काही माणसांना बोलता येत नाही, आणि माझं खरं भांडण त्यासाठी आहे.

देवता निघते ती वाद्यांच्या मागून. ढोल, नगारा, करनाल, नरसिंगा यांच्याशिवाय पालखी हलत नाही. ठेका बदलला की देवाची चाल बदलते, गुराच्या अंगात येतं तेही ठेक्यावर. वाजवणारे ते बजंत्री. बहुतेक ठिकाणी ते दलित आहेत. आणि ज्या देवाला त्यांचा ढोल जागा करतो, त्या देवाच्या पालखीला त्यांनी हात लावायचा नाही, गर्भगृहात शिरायचं नाही, पंगतीत वेगळं बसायचं, असा रिवाज खोऱ्यांतल्या अनेक देवस्थानांत आजही आहे. कारदार, पुजारी, गूर या जागा बहुतेक वरच्या जातींच्या पुरुषांकडे आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार कुल्लू जिल्ह्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे २८ टक्के आहे. चारांतल्या एकाहून अधिक माणसांना ज्या सभेत वाजवण्याचं काम आहे आणि बोलण्याचा अधिकार नाही, त्या सभेला लोकशाही म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. काही वर्षांपूर्वी बंजार भागात फागळीच्या सणात देवाच्या प्रसादाचं नर्गिसचं फूल उधळलं गेलं आणि ते एका दलित तरुणाच्या ओच्यात पडलं. ज्याच्याकडे फूल पडेल त्याच्यावर देव प्रसन्न, अशी श्रद्धा आहे. त्या तरुणाला मारहाण झाली. देवानं दिलेला कौल माणसांनी फिरवला, कारण तो चुकीच्या जातीच्या बाजूनं पडला होता.

‘परंपरेला हात लावू नका’ या वाक्याचा अर्थ ढालपूरच्या मैदानात नेमका काय होतो, तो इथे दिसतो. हे वाक्य बजंत्री बोलत नाही. हे वाक्य त्याला उद्देशून बोललं जातं. आणि पुण्या-मुंबईतून गेलेला माणूस आपल्या प्रेमळ लेखात ‘सारा गाव जातपात विसरून एकत्र नाचतो’ असं लिहितो तेव्हा तोही नकळत त्या वाक्याला आवाज देतो. एकत्र नाचताना दिसणारी माणसं एकत्र जेवतात का, हे विचारायला एक संध्याकाळ पुरते.

असं विचारलं की परंपरा मोडते, ही भीती मराठी माणसाला तरी वाटू नये. मे १९४७ मध्ये साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा हेच सांगितलं गेलं होतं की अस्पृश्यांना आत घेतलं तर विठ्ठलाचं पावित्र्य जाईल. मंदिर खुलं झालं. १९७३ चा पंढरपूर मंदिर कायदा आला, बडवे-उत्पातांनी चार दशकं कोर्टात झुंज दिली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्याचं शिक्कामोर्तब केलं. वारी आजही चालते, आणि गर्दी कमी झालेली नाही. आपल्या घरात हा बदल आपण अभिमानानं सांगतो. मग कुल्लूच्या माणसानं मात्र आपल्यासाठी जुनंच राहावं, ही अपेक्षा कोणत्या हक्कानं करतो?

बळीच्या प्रश्नावर मी इतका निःशंक नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये हिमाचल उच्च न्यायालयानं मंदिरांतल्या पशुबळीवर बंदी घातली आणि त्याच महिन्यात नग्गरला भरलेल्या जगतीनं ती मानायला नकार दिला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दसऱ्याच्या शेवटच्या दिवशी बियासच्या काठावर लंकादहन होतं. तिथे रावणाचा पुतळा जाळत नाहीत, काटेरी झुडपं पेटवतात, आणि रेडा, मेंढा, मासा, खेकडा असे बळी देण्याची चाल होती. मला ती बघवत नाही. पण मंदिरातला मेंढा क्रूर आणि ढाब्यावरचा रुचकर, असं मानणाऱ्याला तिथल्या मेंढपाळाला उपदेश करण्याचा अधिकार आहे असंही मला वाटत नाही. हा प्रश्न त्या खोऱ्यांनी आपसांत लढून सोडवावा, आणि त्या लढाईत बजंत्रीलाही बाजू घेता यावी. कायद्याचा धाक मला हवा आहे तो अस्पृश्यतेसाठी, कारण तिथे चर्चेला जागाच नाही. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानं ती बाब १९५० मध्येच मिटवली आहे आणि कोणत्याही गुराच्या कौलानं ती पुन्हा उघडता येत नाही.

रघुनाथाचं मंदिर खाजगी की सार्वजनिक, यावरही झगडा आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारनं ते ताब्यात घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि राजघराण्याचे वारस, माजी खासदार महेश्वरसिंह, म्हणजे आजचे छडीबरदार, उच्च न्यायालयात गेले. साडेतीनशे वर्षांपूर्वी जगतसिंहानं जे राज्य देवाला दिलं ते नेमकं कोणाला दिलं, हाच तो प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला ती माणसं भांडत असतील तर ती परंपरेला सोडून चाललेली नाहीत, परंपरेच्या मधोमध उभी आहेत.

म्हणून मराठी संपादकांना आणि लेखकांना माझी विनंती आहे. हिमालयातल्या सणांवर लेख मागवताना आणि लिहिताना ‘अस्पर्श’, ‘निरागस’, ‘भोळे’ हे शब्द आधी खोडा. पालखीचा फोटो छापायचा असेल तर जरूर छापा, पण ती पालखी कोणाला उचलता येत नाही तेही त्याच पानावर लिहा. आणि दसऱ्याला ढालपूरला गेलात तर गुराला आणि कारदाराला भेटून झाल्यावर ढोल वाजवणाऱ्याशीही बोला. हा उत्सव पुढे कसा चालावा, याबद्दल त्याचं म्हणणं आहे, आणि ते अजून कोणी विचारलेलं नाही.